चढलेली धग उतरत नाही

सिरॅमिकची ग्रिल निवडायला बसलो तेव्हा माझ्या वहीत अकरा रकाने होते. भिंतीची जाडी, जाळीचा व्यास, वजन, बिजागरी, गॅस्केट, राख काढायची सोय, हमी, सुटे भाग आणि असंच बरंच काही. बायकोनं खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "घर घेताना तरी एवढी चौकशी केली होतीस का?" नव्हती केली. घर दोन फेऱ्यांत पसंत पडलं होतं. ही अंड्याच्या आकाराची, सत्तर-ऐंशी किलोंची वस्तू मात्र चार महिने डोक्यात ठाण मांडून होती.

परवा ती वही पुन्हा शोधून काढली. एक मित्र ग्रिल घ्यायचं म्हणतोय, त्याला दाखवावी म्हणून. सहा वर्षांनी वाचताना माझं मलाच हसू आलं. अकरांपैकी निम्मे रकाने मी निव्वळ माझ्या समाधानासाठी आखले होते. ग्रिल कशी आहे हे सगळं लिहिलेलं. ती वापरणारा माणूस कसा आहे, याबद्दल एक अक्षर नाही.

त्याआधी माझ्याकडे पातळ पत्र्याची, गोल झाकणाची, तीन पायांची साधी ग्रिल होती. तिनं माझ्या हातांना एक खोड लावली होती. झाकण उचलायचं, निखारे हलवायचे, चिमट्यानं काहीतरी पलटायचं, झाकायचं, आणि पाच मिनिटांत पुन्हा उचलायचं. वारा सुटला की आच भलतीकडेच जायची. दर पाऊण तासानं कोळसा घालावा लागायचा. मी सतत तिच्यापाशी उभा, आणि त्यालाच स्वयंपाक समजायचो. चार तास धुरात ठेवलेलं मांस बाहेरून काळं आणि आतून चामड्यासारखं निघालं, की दोष मसाल्याला.

दोष मसाल्याचा नव्हता, हे नंतर कळलं. पत्रा उष्णता धरत नाही, बाहेर सोडून देतो. त्यामुळे आत आच टिकवायची तर आग मोठी ठेवावी लागते. मोठी आग म्हणजे जास्त हवा. आणि ती सगळी तापलेली कोरडी हवा पदार्थावरून वाहत जाताना त्याचा ओलावा घेऊन जाते. सिरॅमिकची भिंत जाड असते. तापायला वेळ लावते, पण एकदा तापली की धग आतच राहते. मग मूठ-दोन मूठ निखाऱ्यांवर आत ११० अंश सेल्सिअस सहज टिकतात. आग लहान, म्हणून हवा थोडी. हवा थोडी, म्हणून ओलावा आत. बाहेरून पाहिलं तर वरच्या भोकातून धुराची एक रेघ तेवढी वर जाताना दिसते. एकदा भरलेला कोळसा बारा-पंधरा तास पुरतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आग विझली असंच समजलो होतो.

या रचनेचं मूळ जपानी स्वयंपाकघरातलं. कामादो म्हणजे तिथली चूल. आणि मुशिकामादो म्हणजे भात शिजवायचं मातीचं गोल भांडं, वर घुमटासारखं झाकण आणि खाली हवा आत घ्यायला छोटं दार असलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी ही भांडी घरी नेली आणि त्यांत भाताऐवजी कोंबड्या भाजल्या. १९७४ साली एड फिशर यांनी अटलांटात ती विकायला सुरुवात केली, तीच पुढे बिग ग्रीन एग म्हणून ओळखली जाऊ लागली. सुरुवातीची भांडी मातीची होती, त्यामुळे ती तडकायची. मग जास्त टिकाऊ सिरॅमिक आलं. पुढे इतर कंपन्याही उतरल्या, प्रिमोनं लांबट अंडाकृती आकार आणला, २००९ मध्ये कामादो जो सुरू झाली. रंग बदलले, खण-कप्पे वाढले; पण खालून हवा, वरून धूर आणि मध्ये जाड भिंत हे गणित आहे तसंच आहे. म्हणून कुठली कंपनी चांगली, या वादात मी आता पडत नाही. नावाजलेल्या कुठल्याही दोन ग्रिल घ्या, शिजलेल्या मांसावरून त्यांतली कुठली कुठली, हे मला तरी सांगता येणार नाही.

आकाराच्या बाबतीत मात्र मी जवळपास फसलो होतो. मला चोवीस इंची जाळी हवी होती. कधीतरी पंचवीस माणसं येतील, मग? सहा वर्षांत ती पंचवीस माणसं एकदाही आली नाहीत. मोठी ग्रिल म्हणजे तापवायला जास्त कोळसा, जास्त वेळ, आणि हलवायची म्हटली तर चौघांना हाक. शेवटी घेतली ती अठरा इंची, म्हणजे साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर व्यासाची. ती माझ्या शहाणपणामुळे नव्हे, मोठी मागच्या दारातून आत येत नव्हती म्हणून. दोन कोंबड्या किंवा डुकराच्या खांद्याचा एक भलामोठा तुकडा तीत आरामात मावतो, आणि वर दुसरी जाळी बसवली की भाज्यांनाही जागा होते.

गोल आकाराची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती दुकानात उभं राहून दिसत नाही. विस्तवाची जागा खोल आणि अरुंद असते. एका बाजूला रसरशीत निखारे आणि दुसऱ्या बाजूला नुसती ऊब, अशी वाटणी तीत नीट होत नाही. लांबट आकारात मध्ये पडदी घालून अर्ध्याच भागात आग करता येते. काही गोल ग्रिलमध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या सिरॅमिक चकत्या मिळतात, त्या एका बाजूला लावून थोडंफार साधतं. तुम्हाला एकाच वेळी मांसाचे जाड काप चटकवायचे असतील आणि शेजारी कांदे निवांत शिजवायचे असतील, तर व्यासाच्या आधी याचा विचार करा. आणि निखारे आणि जाळी यांच्या मध्ये बसणारी, थेट आच अडवणारी सिरॅमिक चकती सोबत येते की वेगळी घ्यावी लागते, हेही विचारा. तिच्याशिवाय मंद शिजवणं आणि धुरी देणं जमत नाही. निखाऱ्यांची थेट आच बुडाला लागून पदार्थ करपतो.

दोन पदरी पोलादाच्या, मधे उष्णतारोधक थर किंवा पोकळी असलेल्या ग्रिलही त्या यादीत होत्या, आणि मी त्यांच्याकडे थोडं नाक मुरडून पाहिलं होतं. आता तसं पाहणार नाही. त्या हलक्या असतात, पडल्या तर फुटत नाहीत, लवकर तापतात. आतला मुलामा उडाला की गंज धरतात, हे खरं. पण ज्याला ग्रिल सारखी इकडून तिकडे न्यायची आहे, त्यानं उगीच सिरॅमिकचा हट्ट धरू नये.

वहीत ज्याला मी सगळ्यात कमी गुण दिले होते, तो रकाना राखेचा. कोण बघतंय राख! आज विचाराल तर मी राख आणि बिजागरी या दोनच गोष्टी आधी बघेन. राख साठली की खालची हवा अडते, हवा अडली की आग गुदमरते, आणि हे नेमकं आठव्या-नवव्या तासाला होतं. माझ्या ग्रिलला राखेचा खण नाही. खालच्या बोटभर दारातून उलथन्यासारखी एक सळई घालून राख ओढून काढायची, निम्मी पायावर पाडून घ्यायची. अलगद बाहेर सरकणारा खण असलेली ग्रिल एका परिचिताकडे पाहिली, तेव्हा अक्षरशः हेवा वाटला. बिजागरीचंही तसंच. झाकण जड असतं. चांगली स्प्रिंग असेल तर एका हातानं उचलतं आणि जिथं सोडाल तिथं थांबतं. नसेल तर दुसऱ्या हातात गरम जाळी असताना मनगट बोलायला लागतं.

गॅस्केट म्हणजे झाकण आणि बुडाच्या मधली पट्टी. नमद्याची पट्टी जास्त आचेवर जळून जाते, गोंद सुटतो; जाळीसारख्या विणीची फायबरग्लासची पट्टी जास्त टिकते. ती तपासायला कागदाची एक पट्टी कडेवर ठेवायची, झाकण लावायचं आणि ओढायची. सहज सुटून आली तर तिथून हवा आत जाते. मी दुकानात हे करायला लागलो तेव्हा विक्रेत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी विटी-दांडू मागितलाय.

आता त्या रात्रीबद्दल. ग्रिल घरी येऊन दोन आठवडे झाले होते. पहिले काही दिवस जास्त तापवू नका, गॅस्केटचा गोंद पक्का होऊ द्या, अशी सूचना होती. ती मी पाळली होती. मग एका शनिवारी रात्री नऊला साडेचार किलोंचा डुकराचा खांदा घेऊन बसलो. आत ११० अंश हवे होते. जुन्या सवयीनं कोळसा तीन ठिकाणी पेटवला, हवेची खालची आणि वरची वाट सताड उघडी ठेवली, आणि तापमापकाचा काटा १०५ वर आला तेव्हा दोन्ही निम्म्या मिटल्या. मांस आत ठेवलं. पाणी पिऊन आलो तर काटा १४५ वर.

पत्र्याच्या ग्रिलवर अशा वेळी मी काय करायचो? झाकण उघडायचो. तेच केलं. धग भस्सकन तोंडावर आली, काटा खाली आला, मला हायसं वाटलं. झाकण लावलं आणि काटा १६५ वर गेला. उघडं झाकण म्हणजे निखाऱ्यांना पोटभर हवा, हे तेव्हा सुचलं नाही. पुन्हा उघडलं. आता १८०. एव्हाना सत्तर किलो सिरॅमिक पार आतपर्यंत तापलं होतं, आणि ते आता आगीच्या नव्हे तर स्वतःच्या हिशेबानं चालणार होतं. मी घाबरून दोन्ही वाटा गच्च बंद केल्या. तासाभरानं काटा जेमतेम १६० वर. म्हटलं, उतरतोय हळूहळू, आणि खुर्चीतच डोळा लागला. दोनला जाग आली तेव्हा काटा ८५ वर आणि आग पूर्ण विझलेली. टॉर्च तोंडात धरून मांस बाहेर काढलं, चकती काढली, बोट भाजून घेतलं, कोळसा पुन्हा पेटवला. या वेळी एकाच ठिकाणी, कारण हातात ताकदच नव्हती. आळसानंच जमलं ते. तासाभरानं काटा ११२ वर येऊन थांबला आणि सकाळपर्यंत जागचा हलला नाही.

आता करतो ते असं. एकाच ठिकाणी पेटवतो. हव्या त्या आकड्याच्या पंचवीस-तीस अंश अलीकडेच वाटा मिटायला लागतो. खालची खिडकी आगपेटीच्या काडीच्या जाडीएवढी सरकवायची, आणि मग वीस मिनिटं काही करायचं नाही. काही म्हणजे काहीही नाही. वर चढवणं कधीही जमतं, खाली उतरवणं जमत नाही; म्हणून खालूनच हळूहळू वर जायचं. अकरा रकान्यांत जे नव्हतं ते हेच होतं. ज्या माणसाचा हात सतत झाकणाकडे जातो त्यानं ही ग्रिल घेऊ नये, किंवा घेतली तर पहिले सहा महिने आपणच शिजतोय असं समजावं.

खांद्याच्या त्या तुकड्यानं दुसऱ्या दिवशी आणखी एक गंमत केली. आतलं तापमान ६८ अंशांपर्यंत आलं आणि तिथंच अडून बसलं. एक तास, दोन तास, तीन तास. मला वाटलं, प्रोब, म्हणजे मांसात खोचलेली तापमान मोजायची सळई, बिघडला. तसं नसतं. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होत असतं आणि ती वाफ जाताना उष्णता नेते, माणसाला घाम येऊन गार वाटावं तसं. पाणी पुरेसं उडालं की काटा पुन्हा चढू लागतो. नव्वदीच्या पुढे गेल्यावर आतल्या चिवट तंतूंचं जिलेटिन होतं आणि हाड बोटांनी ओढून काढता येतं. कागदात गुंडाळून हा वेळ कमी करतात. मी करत नाही, कारण मला वरचं काळपट कुरकुरीत कवच आवडतं आणि ते गुंडाळल्यावर मऊ पडतं. रविवारी संध्याकाळी सहाला जेवलो. पाहुणे दुपारचे येऊन गेले होते.

कोळशाबाबत मी थोडा कट्टर आहे. लाकडी कोळशाचे ओबडधोबड तुकडेच. दाबून केलेल्या ब्रिकेटची राख फार होते आणि या अरुंद भट्टीत ती हवा अडवते. मोठे तुकडे खाली, बारीक वर. पिशवीच्या तळाचा चुरा मी टाकून देतो, बायको बागेत घालते. पेटवायला रॉकेल किंवा तसलं कुठलंही तेल अजिबात नको. सिरॅमिक सच्छिद्र असतं, तो वास आत मुरतो आणि पुढचे कित्येक पदार्थ त्याची आठवण काढत राहतात. मेणात बुडवलेली लाकडाच्या भुशाची वडी बास होते.

धुरासाठी ओक, हिकरी, सफरचंद किंवा चेरीच्या लाकडाचे दोन-चार ठोकळे कोळशात पुरायचे. ते आधी पाण्यात भिजवा, असं बरेच जण सांगतात. मी एकदा रात्रभर भिजवलेला ठोकळा कुऱ्हाडीनं फोडून पाहिला, तर पाणी वरच्या सालीपुरतं गेलेलं, गाभा कोरडा ठणठणीत. नुसती वाफ करायची, आग गार करायची. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, तो कडू असतो. त्यात मांस ठेवलं तर जिभेला बधिरपणा येईल इतकं कडवट होतं. थांबावं लागतं. धूर विरळ होत जातो, निळसर होतो, आणि मग असा एक क्षण येतो की धूर दिसत नाही, नुसती त्याच्यापलीकडची भिंत थरथरताना दिसते. तेव्हा झाकण उघडायचं.

झाकण उघडण्यावरून एक सांगायला हवं, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाटा मिटून आग दबलेली असेल तेव्हा आत न जळलेले तापलेले वायू साठलेले असतात. झाकण एकदम उघडलं तर हवा आत घुसते आणि ते सगळं एकदम पेट घेतं. माझ्या उजव्या हातावरची केसांची लव एका दुपारी अशीच गेली; भुवई थोडक्यात वाचली. आधी दोन बोटं उचलायचं, चार-पाच सेकंद तसंच धरायचं, आतला श्वास सुटू द्यायचा, मगच पूर्ण उघडायचं. आणि पाऊस आला म्हणून ही ग्रिल गॅरेजमध्ये किंवा बंद व्हरांड्यात ओढायची नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास असतो ना रंग. थेट लाकडी टेबलावरही ठेवायची नाही. खाली पाय किंवा जाड फरशी आणि मध्ये हवा खेळायला जागा हवी.

तिसऱ्या वर्षी तडा गेला. बाहेर नव्हे, आत, निखारे धरणाऱ्या कुंडीला. राख काढताना सळई एका भेगेत अडकली. टॉर्च मारला तर वरपासून खालपर्यंत एक रेघ. माझ्या पोटात गोळा आला. कंपनीला फोटो पाठवला. सिरॅमिकच्या भागांवर मूळ खरेदीदाराला आयुष्यभराची हमी बहुतेक नामांकित कंपन्या देतात, माझ्याकडेही ती होती. पण पावतीचा कागद सापडेना. ती अकरा रकान्यांची वही जपून ठेवली होती, पावती नाही. दीड महिना पत्रापत्री चालली, शेवटी बायकोच्या एका जुन्या पर्समध्ये पावती मिळाली आणि नवी कुंडी आली. (जुनी ग्रिल कुणाकडून विकत घेत असाल तर ही हमी सहसा सोबत येत नाही, हे धरून चाला.) दरम्यान त्या तडकलेल्या कुंडीतच स्वयंपाक चालू होता. काडीचाही फरक पडला नाही. भेग तापली की मिटायची, गार झाली की उघडायची. नवी कुंडी अजून खोक्यातच आहे.

मित्र काल आला. वही चाळली, दोन रकाने स्वतःचे वाढवले, भिंतीची जाडी किती मिलिमीटर ते विचारलं. ग्रिल सकाळपासून चालू होती. मी कोंबडी ठेवली होती, तिच्या मांडीत प्रोब खोचलेला, ७४ अंशांची वाट पाहत. तो बोलता बोलता उठला आणि सहज झाकणाच्या मुठीला हात घातला.

"थांब," मी म्हटलं.

"बघतो फक्त."

"नको ना."

तो वाकून खालची खिडकी पाहायला लागला. "एवढीशीच उघडी? यातून आग चालते?"

"चालते."

त्यानं एक डोळा मिटून त्या फटीतून आत पाहिलं. आत कुठंतरी, बराच मागे, एक लाल ठिपका होता. थोडा वेळ तो तसाच ओणवा राहिला. मग खुर्ची ओढून बसला, वही मांडीवर ठेवली आणि विचारलं, "अजून किती?"

"चाळीस मिनिटं. कदाचित तास."

त्याचा पाय हलत होता.